सूज शे का गाठ

धुळ्यात बाहेर चव्वेचाळीस,
आत मशीनच्या खोलीत अठरा,
आणि चिलर बसू नये म्हणून नथ्थू
दर तासाला गच्चीवर जाऊन
पाइपला हात लावून येतो.

जागृती गिरासे. सत्तावीस. शिंदखेडा.
चिठ्ठीवर दीड ओळ:
डोकेदुखी, कडेचं दिसत नाही, गाठ असल्यास कळवावे.
बांगड्या काढायला साबण लागला.
मंगळसूत्र आईच्या मुठीत देऊन तिनं पाणी मागितलं.
मग पुन्हा मागितलं.
वैशाखात इकडे तहान कोण मोजतं?

कवटीच्या तळाशी हाडाचं एक लहान खोगीर असतं,
पुस्तकं त्याला तुर्की म्हणतात.
त्यावर वाटाण्याएवढी ग्रंथी बसते,
अख्ख्या देहाची मुकादम:
दूध कधी, पाळी कधी,
मूत्रपिंडांनी पाणी किती धरून ठेवायचं.
हिची फुगून वर आलेली,
नजरेच्या नसांना खालून रेटत.

मी टाइप केलं, मॅक्रोअडिनोमा.
बोटांना हा शब्द पाठ आहे.
त्यापुढची खोगीरभरतीही,
त्यापुढचं नाशिक,
नाकावाटे आत जाणारी सुरी.
सही तेवढी राहिली होती.

दारात तिचा बाप, उमेदसिंग,
सारंगखेड्याच्या घोडेबाजारात खोगिरं विकणारा.
दुखणं कुठे आहे, त्यानं विचारलं.
मी म्हटलं, खोगिरात.
तो हसला नाही.
"सूज शे का गाठ?
घोडाले खोगीर लागनं का पाठ दोन्ही आंगे सारखी येस.
गाठ एक आंगे येस.
सूजले चाकू लावतस नही."

मी परत खुर्चीत बसले.
चित्रं पुन्हा पहिल्यापासून.
दोन्ही आंगे सारखी.
देठ मधोमध, कुठेही न झुकलेला,
पण जाड, कोथिंबिरीच्या जागी मुळ्याचा असावा तसा.
खोगिराचा तळ शाबूत.
शिरेतून औषध गेल्यावर
सगळी एकदम उजळलेली, कुठे काळपट कोपरा नाही.
आणि मागच्या अंगाला
जो एक पांढरा ठिपका बहुतेकांना असतो,
मलाही असेल,
पाण्याचा हिशेब ठेवणारा,
तो हिला नाही.

बाहेर येऊन विचारलं, रात्री किती वेळा उठतेस?
आई म्हणाली, माठ उशाशी घेऊन झोपते.
बाळ?
सव्वा महिन्याचं. आजीच्या मांडीवर, बाटलीला तोंड लावून.
दूध दहाव्या दिवशीच आटलं.
कुणी म्हणालं दृष्ट,
कुणी ऊन.
हळिवाचे लाडू डब्यात तसेच आहेत.

रिपोर्टात लिहिलं: ग्रंथीचा दाह, बहुधा.
त्या 'बहुधा'पाशी कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.
चित्र दाखवतं, शपथ घेत नाही.
खाली लिहिलं, शस्त्रक्रियेची घाई नको,
कॉर्टिसोल आजच तपासा,
तीन महिन्यांनी पुन्हा पाहू.
आणि डॉक्टरांना फोन केला,
कारण रिपोर्ट पाकिटातच राहतात.

श्रावणात ती आली.
गोळ्यांनी चेहरा गोल झालेला,
बाळ मान धरू लागलेलं.
एसटीतून दोन्ही बाजूंची कपाशी बघत आले, म्हणाली.
ग्रंथी खोगिरात खाली बसली होती,
देठ बारीक.
ठिपका नव्हता.
मी चित्र मोठं करून पाहिलं, उजेड वाढवून पाहिला.
नव्हताच.
तिच्या पिशवीत दोन लिटरची बाटली
आणि नाकात मारायचा फवारा.

उमेदसिंग आला नव्हता.
यात्रेला चार महिने, चामडं शिवत बसला असेल.
त्याला एक विचारायचं राहून गेलं:
सूज उतरल्यावर
घोड्याच्या पाठीवर त्या जागी
केस पुन्हा येतात का,
आणि येतात ते
पांढरे येतात का.